फेस किती वर येऊ द्यावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाऱ्या पाण्याच्या मत्स्यकुंडात बसवावयाच्या एका यंत्राची जुळवणी, असा आजचा विषय आम्ही कळविला तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. या मालेत याआधी संतवाङ्मय झाले, मराठ्यांचा दक्षिणेतील इतिहास झाला, नाट्यसंगीत झाले. त्यांच्या पंक्तीस फेस काढण्याचे यंत्र बसवावे हे त्यांस जरा चमत्कारिक वाटले असल्यास त्यांचा दोष नाही. तथापि गेली सहा वर्षे आम्ही उभयतांनी या एका यंत्रापुढे जितका वेळ घालविला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही विषयास दिलेला नाही. एकाने झडप फिरवावयाची, दुसऱ्याने वहीत लिहावयाचे, असा आमच्या घरचा क्रम आहे. तेव्हा जे ठाऊक आहे त्यावरच बोलावे, हे बरे.

फेस या वस्तूची आपणां बंगळूरकरांस ओळख करून देण्याची गरज नाही. २०१५ साली बेळ्ळंदूर तलावाचा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर आला आणि दुचाकीस्वारांच्या अंगावर बसू लागला, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तलावात उतरलेल्या सांडपाण्यात साबणचुऱ्याचे अंश होते आणि पाणी उंचावरून आदळले की त्यांचा फेस होई. जे पदार्थ पाण्याला फेस आणतात त्यांच्या कणाची रचना दुतोंडी असते. एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाण्यापासून पळू पाहते. अशा कणाला सर्वांत सोयीची जागा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमारेषा. तेथे एक पाय पाण्यात आणि एक बाहेर ठेवून तो उभा राहू शकतो. पाण्यात बुडबुडा सोडला की त्याच्या पृष्ठभागावर हे कण येऊन चिकटतात आणि बुडबुड्याबरोबर वर येतात.

साबणाप्रमाणेच प्रथिने आणि स्निग्ध आम्लेही दुतोंडी आहेत. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, शेवाळाचे आणि प्रवाळांचे स्राव यांतून ती पाण्यात येतात. ती पाण्यात तशीच राहिली तर जिवाणू त्यांचे विघटन करतात. त्यातून प्रथम अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होते, फॉस्फेट सुटते, आणि या कामी पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडतो. प्रोटीन स्किमर हे यंत्र विघटनापूर्वीच ही द्रव्ये फेसावाटे बाहेर काढते. गाळणीत अडकलेली घाण काढीपर्यंत पाण्यातच कुजत राहते. फेसाबरोबर गेलेली पाण्याशी संबंध तोडूनच जाते.

ज्यांनी कोल्हापुराकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. काहिलीत रस तापू लागला की भेंडीचा चीक घालतात, मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. फार लवकर आणि फार खोलवर झारा घातला तर मळीबरोबर रसही जातो. उशीर केला तर मळी रसात पुन्हा मिसळते आणि गूळ काळा पडतो. झारा केव्हा आणि किती घालावयाचा हे गुळव्याला कळते. स्किमरची जुळवणी म्हणजे याहून फारसे वेगळे काही नाही. इतकेच की येथे काहील चोवीस तास चुलीवर आहे आणि गुळव्या कचेरीत गेलेला आहे.

यंत्राची ठेवण साधी आहे. मुख्य टाकीच्या खाली, कपाटात, दुसरी एक लहान टाकी असते. वरचे पाणी नळीने तीत उतरते आणि पंपाने परत वर जाते. या खालच्या टाकीत स्किमर उभा असतो. त्याचा पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि पंपाच्या चाकावरील बारीक सुया त्या हवेचे असंख्य तुकडे करतात, त्यामुळे यंत्राच्या पोटातील पाणी दुधासारखे पांढरे दिसते. पोटाच्या वर निमुळता गळा आणि गळ्यावर पेला. फेस गळ्यातून चढतो, चढताना त्यातले पाणी खाली निथळते, आणि उरलेला मळ पेल्यात पडतो. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही. तेथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि चटकन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. समुद्रकिनारी लाटेचा फेस वाळूवर टिकतो आणि नदीकाठी तसा टिकत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे यंत्र घरगुती छंदात रूढ केले ते मुख्यतः जर्मनीतील लोकांनी. जुन्या तऱ्हेच्या स्किमरमध्ये लाकडाच्या सच्छिद्र तुकड्यातून हवा सोडीत. तो तुकडा काही आठवड्यांत भिजून निकामी होई आणि पुनः बदलावा लागे. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी, त्यांत डीट्रिश श्ट्यूबर यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे, जिवंत दगड, भरपूर प्रकाश, चुन्याची निवळी आणि दमदार स्किमर एवढ्या सामग्रीवर घरच्या टाकीत दगडी प्रवाळ केवळ जगविले नाहीत तर वाढवून दाखविले. या पद्धतीला आजही बर्लिन पद्धत म्हणतात. समुद्रापासून दूरच्या शहरातल्या हौशी लोकांनी एकमेकांच्या घरी जाऊन, टिपणे ताडून हे काम केले, ही गोष्ट आमच्यासारख्यांना दिलासा देणारी आहे.

येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण तरुण मंडळी समोर आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, मानारच्या आखातात, अंदमानात, लक्षद्वीपात जे प्रवाळ आहेत त्यांतील दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. सुट्टीत गेलो आणि एक तुकडा रुमालात बांधून आणला, असे करू नये. आमच्या टाकीत आहेत ते मऊ प्रवाळ; टाकीतच वाढलेले आणि छोट्या तुकड्यांनी एका घरातून दुसऱ्या घरात आलेले. दगडही माणसाने घडविलेले आहेत.

आता जुळवणीकडे येतो. नवे यंत्र आणले की पहिला आठवडा-पंधरा दिवस त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा करू नये. कारखान्यातून आलेल्या त्याच्या भागांवर तेलाचा आणि चिकट द्रव्याचा सूक्ष्म थर असतो. तो जाईपर्यंत यंत्र एक तर मुळीच फेस चढवीत नाही, किंवा वेड्यासारखे उतू जाते. आमचे पहिले तीन दिवस मुके होते आणि चौथ्या दिवशी त्याने पेला तासाभरात चार वेळा भरला. याला बिघाड समजून आम्ही यंत्र परत करण्याच्या बेतात होतो. दुकानदार अनुभवी होता. ‘पेला काढून ठेवा आणि गावाला जाऊन या,’ एवढेच तो म्हणाला.

यंत्र रुळल्यावर पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे ते किती खोल पाण्यात उभे आहे. आमच्या यंत्राच्या माहितीपत्रकात २० सेंटिमीटर खोली सांगितली होती. आम्ही पट्टीने मोजून तेवढीच ठेवली आणि निर्धास्त झालो. येथेच आमची पहिली चूक झाली. सकाळी फेस पेल्यात ओसंडे. संध्याकाळी गळ्याच्या तळाशी बसलेला असे. सकाळी आम्ही झडप उघडीत असू, संध्याकाळी आवळीत असू. असे तीन आठवडे चालले. कधी अन्नाला दोष दिला, कधी विजेच्या दाबाला. वहीची पाने ओळीने ठेवून पाहिली तेव्हा कारण कळले. टाकीतून रोज सुमारे तीन लिटर पाणी वाफ होऊन जात होते आणि ती सगळी घट खालच्या टाकीच्या एकाच कप्प्यात, स्किमर होता त्याच कप्प्यात, दिसत होती. कप्पा ३० सेंटिमीटर गुणिले ४० सेंटिमीटर. म्हणजे दिवसाकाठी पातळी अडीच सेंटिमीटर उतरे. सकाळी आम्ही गोडे पाणी घालून ती भरून काढीत होतो. यंत्र बिचारे बाहेरच्या पातळीप्रमाणे वरखाली होत होते आणि आम्ही त्याचे कान पिरगळीत होतो.

उपाय म्हणून आम्ही एक स्वयंचलित व्यवस्था बसविली. पाणी थोडे उतरले की तरंगकाटा पंप चालू करी आणि शेजारच्या ६० लिटरच्या पिंपातून शुद्ध केलेले गोडे पाणी येई. पातळी स्थिर झाली, फेस स्थिर झाला. आमच्यासारखे शहाणे आम्हीच, असे वाटण्याचे ते दिवस होते.

जुळवणीची खरी रीत त्या दिवसांत आम्ही शिकलो. हवा पूर्ण उघडी ठेवावी. हवेच्या तोटीशी खेळू नये. फक्त निकासाची झडप हलवावी. ती आवळली की पोटातली पातळी चढते, सैल केली की उतरते. आरंभी पातळी गळ्याच्या तळाशी ठेवावी आणि फेस गळ्याच्या मध्यावर फुटताना दिसावा. मग झडप जेमतेम दिसेल इतकी हलवावी आणि चोवीस तास तिला हात लावू नये. हे चोवीस तास सर्वांत कठीण. पाण्यात हात घातला, माशांना खाऊ दिले, की त्यातल्या स्निग्ध अंशाने फेस दोन-चार तास बसतो. त्या वेळी जो झडप आवळतो तो रात्री पाणी पुसतो. हे वाक्य आमच्या अनुभवातले आहे. तो अनुभव थोड्या वेळाने सांगतो.

पेल्यातला मळ कसा असावा यावर हौशी लोकांत पंथ आहेत. पातळी उंच ठेवली की पुष्कळ पण पातळ, कोऱ्या चहासारखे पाणी मिळते. खाली ठेवली की थोडे, दाट, काळपट आणि दुर्गंधी. पहिल्याला ओली रीत म्हणू, दुसरीला सुकी. ओल्या रीतीत घाण थोडी अधिक निघते, पण तिच्याबरोबर खारे पाणीही जाते. त्याची भरपाई गोड्या पाण्याने केली तर खारेपणा हळूहळू उतरतो. सुक्या रीतीत गळ्याला चिकट थर लवकर बसतो आणि मग फेस चढेनासा होतो. आमचे मत मधल्या रंगाचे आहे: पेल्यातले पाणी गुळाच्या पाकाच्या रंगाचे असावे आणि आठवड्यातून दोनदा पेला रिकामा करावा लागावा. याला शास्त्राधार विचाराल तर तो आमची सोय हा आहे.

आता तो अनुभव. कोजागरीची रात्र होती आणि आपल्याच मंडळात दुधाचा कार्यक्रम होता. निघण्यापूर्वी प्रवाळाचा एक सुटलेला तुकडा दगडावर बसवून टाकावा म्हणून एपॉक्सीची लुगदी कालवून आम्ही तो बसविला. हात पाण्यात तासभर होते. साहजिकच फेस खाली बसला. आम्हांला निघण्याची घाई. पाहुण्यांना नेऊन दाखवावयाचे यंत्र असे मरगळलेले बरे दिसत नाही म्हणून झडप अर्धा फेरा आवळली. एवढ्या वर्षांच्या वहीत अर्ध्या फेऱ्याची ती एकच नोंद आहे, आणि तीही दुसऱ्या दिवशी केलेली.

एपॉक्सी घट्ट होताना पाण्यात काही द्रव्ये सोडते आणि त्यांनी स्किमर बेफाम होतो, हे आम्ही वाचले होते. त्या घटकेस आठवले नाही. हातांचे तेल ओसरले, एपॉक्सीचा अंमल सुरू झाला, झडप आवळलेली, आणि फेसाऐवजी चक्क पाणीच पेल्यात चढू लागले. पेला वारंवार धुवावा लागू नये म्हणून त्याला नळी लावून आम्ही ती एका बादलीत सोडली होती. बादली भरली आणि उतू गेली. इकडे खालच्या टाकीतले पाणी उतरले असे पाहून ती स्वयंचलित व्यवस्था आपले काम इमानाने करू लागली: जितके खारे पाणी बाहेर, तितके गोडे आत. रात्री साडेबाराला दार उघडले तेव्हा दिवाणखान्यात घोट्याला लागेल इतके नसले तरी चपला तरंगतील इतके पाणी होते आणि ६० लिटरचे पिंप कोरडे पडले होते.

लादी पुसता येते. खारेपणा मोजला तो हजारी ३५ वरून २८ वर आलेला. आमच्या टाकीत सगळे मिळून २८० लिटर पाणी. आकडेमोड बरोबर जुळली, त्यात समाधान कसले? मासे धापा टाकीत होते पण तगले. चार वर्षे आमच्या हातून खाऊ घेणारा, माशांच्या अंगावरचे किडे टिपणारा लाल पट्ट्याचा झिंगा सकाळपर्यंत गेला. तारामासा दुसऱ्या दिवशी विरघळू लागला. ज्यांच्या शरीरात बाहेरच्या पाण्याइतकेच मीठ असते आणि ते फारसे सावरता येत नाही अशा प्राण्यांना हा बदल सोसत नाही. प्रवाळ मुठी मिटल्यासारखे दहा दिवस बंद राहिले. खारेपणा एकदम चढविणे उतरण्याहूनही घातक, म्हणून रोज थोडे पाणी काढून त्याजागी जरा अधिक खारे पाणी घालीत पाच दिवसांत आम्ही तो पूर्वपदावर आणला. घरातली मुले त्या पाच दिवसांत आमच्याशी बेताचेच बोलत होती. झिंग्याला त्यांनी नाव ठेवले होते.

दोष यंत्राचा नव्हता, व्यवस्थेचाही नव्हता. पहिल्या चुकीवर केलेला उपायच दुसऱ्या चुकीत आमच्यावर उलटला होता. तेव्हापासून तीन फेरफार केले. खालच्या टाकीत काचेचा बांध घालून स्किमरचा कप्पा वेगळा केला. बांधावरून पाणी पुढे पडते, म्हणून वाफ कितीही झाली तरी त्या कप्प्यातली पातळी बांधाइतकीच राहते. पेल्याची नळी काढून टाकली. यंत्र उतू गेलेच तर घाण त्याच टाकीत परत पडते, पाणी मळते, पण घराबाहेर जात नाही. आणि ६० लिटरच्या पिंपाच्या जागी सहा लिटरचा डबा आला. तो दोन दिवस पुरतो. आता काहीही बिघडले तरी सहा लिटरांहून अधिक गोडे पाणी आत जाऊ शकत नाही. एपॉक्सी, औषध किंवा नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्याचे द्रव्य वापरावयाचे असेल त्या दिवशी पेला काढून ठेवतो. हवा मात्र चालू, कारण प्राणवायू मिळालाच पाहिजे.

प्राणवायूवरून एक गोष्ट आठवली. हे यंत्र खोलीतली हवा पाण्यात मिसळते. बंद खोलीत माणसे दाटली की त्या हवेत कर्बद्विप्राणिल वायू वाढतो आणि पाण्याचा सामू उतरतो. गणपतीत घरी पाहुणे असताना आमचा सामू ७.८ वर येई. हवेच्या नळीचे तोंड खिडकीबाहेर नेले तेव्हा तो ८.१ पर्यंत राहू लागला. मात्र नळीच्या तोंडाला जाळी लावावी. आमच्या नळीत एकदा गांधीलमाशीने घर केले.

इतके सांगितल्यावर स्किमर म्हणजे सर्वस्व असा समज होऊ नये. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांची मोजणी केली. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कर्बापैकी जेमतेम एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भागच ही यंत्रे काढू शकतात आणि मग थांबतात, असे त्यांना आढळले. महाग आणि स्वस्त यंत्रांतही त्या बाबतीत जाहिरातींत दिसते तेवढे अंतर नव्हते. उरलेली द्रव्ये फेसाला चिकटतच नाहीत. ती पाणी बदलून, कोळशाने, आणि दगडांतल्या जिवाणूंकडूनच जावयाची. आम्ही हे वाचले आणि दुसरे, मोठे यंत्र घेण्याचा बेत रद्द केला. शिवाय पाणी अति निर्मळ करणेही बरे नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी, तारेसारखा चिकट थर पसरतो. आमच्याकडे एका उन्हाळ्यात तसे झाले. तेव्हा माशांना थोडे अधिक खाऊ घालणे आणि रात्री स्किमर बंद ठेवणे हाच उपाय करावा लागला.

देखभालीविषयी थोडक्यात. गळा दर तीन-चार दिवसांनी पुसावा. साबण कदापि लावू नये, तो लावला तर आपला बेळ्ळंदूर घरातच होतो. हवेच्या तोंडाशी मिठाचे खडे जमतात आणि हवा गुपचूप कमी होत जाते. महिन्यातून एकदा कोमट गोडे पाणी ओढू द्यावे. चार महिन्यांनी पंप उघडून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवावा, म्हणजे सुयांवरचा चुना सुटतो. चुन्याची निवळी वापरणाऱ्यांनी दोन महिन्यांनीच. फेस कमी झाला की लोक झडपेकडे धावतात. आमच्या वहीत पाहिले तर दहांपैकी आठ वेळा दोष गळ्याच्या चिकटपणाचा किंवा हवेच्या खड्याचा होता.

आपल्यापैकी कोणास हे सारे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी मुलांसह अवश्य यावे. टाकीत नवा झिंगा आहे. त्याचे नाव मुलांनी अद्याप ठेवलेले नाही. फक्त गुरुवारी येऊ नये. त्या दिवशी सकाळी गळा धुतलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत यंत्र रुसून बसलेले असते; आम्ही त्याला हात लावीत नाही.